डुकराच्या फुप्फुसातली हाक

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाईन फ्लूनं देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. तोंडावर रुमाल बांधून फिरणारं ते शहर आपल्याला आठवत असेल. आधीच बदनाम असलेलं डुक्कर तेव्हा आणखी बदनाम झालं. आमच्या घरी तर या प्राण्याचं नावही कुणी काढत नसे. पण आज मला त्याच्या फुप्फुसाविषयीच बोलायचंय, कारण ते आपल्या फुप्फुसाशी पुष्कळ मिळतंजुळतं आहे.

डुकराच्या श्वसनमार्गात माणसांच्या फ्लूच्या विषाणूला चिकटायला जागा असते, तशी पक्ष्यांच्या विषाणूलाही. दोन विषाणू एकाच पेशीत शिरले की त्यांच्या जनुकांची सरमिसळ होते. २००९ चा विषाणू अशाच सरमिसळीतून आला. पसरला मात्र माणसाकडून माणसाला.

आता पेशी काय करते पाहा. फ्लू झाला म्हणून तिची जनुकं बदलत नाहीत. घरात पोथ्या त्याच, पण एरवी मिटलेल्या काही भराभर उघडून वाचल्या जातात. शास्त्रज्ञ आजारी आणि निरोगी डुकरांच्या फुप्फुसांचे तुकडे घेऊन, कोणत्या पोथीच्या नकला किती वाढल्या, ते मोजतात.

विषाणूची चाहूल घेणारं 'रिग-आय' नावाचं एक प्रथिन असतं. (बदकात ते आहे, कोंबडीत नाही. बर्ड फ्लूत कोंबड्या पटापट मरतात आणि बदकं बरेचदा तगतात, त्याचं हे एक कारण मानतात. २००६ साली नवापुरात कोंबड्यांचे काय हाल झाले ते आपण वाचलंच आहे.) चाहूल लागताच पेशी 'इंटरफेरॉन' सोडते. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी ते शोधलं. मला ते शेजाऱ्याला मारलेल्या हाकेसारखं वाटतं. विषाणू अजून पोचलेला नसतो, तोच शेजारच्या पेशींत शेकडो जनुकं जागी होतात. त्यातलं 'एमएक्स' जनुक विषाणूची वाढच अडवतं. काही जनुकं पांढऱ्या पेशींना बोलावून आणतात आणि त्यांच्याबरोबर सूजही येते.

डुक्कर खोकतं, तापानं फणफणतं, खाणं टाकतं. पण बहुधा आठवड्याभरात उठतं. विषाणू हटत जातो तशी ही जनुकंही शांत होत जातात. काही माणसांत मात्र तो गलका वेळेवर थांबत नाही. सूज वाढते, फुप्फुसात पाणी भरतं, धाप लागते. २००९ मध्ये व्हेंटिलेटरवर ठेवावे लागलेल्या अनेक रोग्यांची फुप्फुसं अशीच झाली होती.