एक कथा, अनेक नोंदी

सकाळी ९.३०
ग्रंथालयाची 'कोहा' ही संगणकप्रणाली उघडून काल दाखल झालेल्या वस्तूंची यादी पाहते. एका निवृत्त शिक्षकांच्या घरून खोकी आली आहेत: कादंबऱ्या, ध्वनिफिती, व्हीसीडी. दाखल क्रमांक पडलेत, शिक्केही बसलेत. आता तालिकीकरण माझ्याकडे.

१०.१५
पहिली हाती आली 'सिंहासन' चित्रपटाची व्हीसीडी. वेष्टनावरून नोंद करायची नाही, हा माझा दंडक आहे. पुस्तकाचं आतलं शीर्षकपान जसं प्रमाण, तशी चित्रपटाची पडद्यावरची श्रेयनामावली प्रमाण. जुना प्लेअर जोडते, चित्र थांबवते, नावं उतरवून घेते, पुन्हा पुढे जाते. दिग्दर्शन जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकर. कथेला आधार अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांचा, 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक'.

खरं काम इथेच आहे. चित्रपटाला नाव मिळालं एका कादंबरीचं, दुसरीचं नाव मागे राहिलं. 'मुंबई दिनांक' शोधत आलेल्या वाचकाला या १९७९च्या चित्रपटाचा पत्ता लागणार कसा? त्यातून कादंबरीची मुख्य नोंद लेखकाच्या नावाखाली होते आणि चित्रपटाची शीर्षकाखाली, कारण चित्रपट एकट्याचा नसतो. ड्यूईच्या वर्गीकरणात कादंबरी ८९१.४६३ मध्ये जाते, चित्रपट ७९१.४३ मध्ये. आमच्याकडे एक वरच्या मजल्यावर, दुसरा काउंटरमागच्या कपाटात. दोघांची गाठ आपोआप पडणं शक्यच नाही, ती घालून द्यावी लागते.

म्हणून चित्रपटाच्या नोंदीत 'मार्क' या तालिकीकरणाच्या आराखड्यातलं ७०० क्रमांकाचं फील्ड दोनदा घेते. दोन्ही ठिकाणी साधूंचं नाव, कादंबरीचं नाव आणि त्याआधी संबंध: 'आधारभूत कादंबरी'. मग दोन्ही कादंबऱ्यांच्या नोंदी उघडून उलटा दुवाही देते. तेंडुलकरांसाठी आणखी एक नोंद हवीच. त्यांची नाटकं वाचणारे त्यांच्या पटकथाही शोधतात, आणि त्या पटकथा शोधल्या जाव्यात अशी माझी फार इच्छा असते.

शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलीने विचारलं, "मॅडम, चित्रपट म्हणजे कादंबरीचीच दुसरी आवृत्ती धरायची का?"

"नाही गं. कादंबरी कुणी जशीच्या तशी वाचून ध्वनिमुद्रित केली, तर कृती तीच, रूप फक्त वेगळं. अनुवादाचंही तसंच. पण पटकथा झाली, प्रसंग गाळले, जोडले, नट आले, की ती नवी कृती."

'इफ्ला' या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९८ मध्ये मांडलेली ही चौकट तिने परीक्षेपुरती पाठ केली होती. आज खोक्यातली ध्वनिफीत आणि व्हीसीडी समोर ठेवल्यावर तिला ती चटकन उमगली.

१२.३०
काउंटरवरून काका एका विद्यार्थ्याला घेऊन आले. त्याला 'तुंबाड' चित्रपटाची मूळ कादंबरी हवी होती. तालिकेत 'तुंबाड' टाकल्यावर श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' समोर येते, आणि मुलं ते दोन जाडजूड खंड घेऊन जातात. चित्रपटाने त्या कादंबरीकडून नाव घेतलं, कथेचं बीज मात्र नारायण धारपांच्या भयकथेतलं. त्याला धारपांचं कपाट दाखवलं. "अरे, पेंडसेही वाच कधीतरी, पण त्यात सिनेमातला हस्तर सापडायचा नाही." तो गेल्यावर चित्रपटाच्या नोंदीत टीप घातली: शीर्षकसाम्य, कथेचा संबंध नाही. जोडण्याइतकंच हे तोडणंही जरुरीचं असतं.

१.३०
डबा.

२.१५
दुपारी चिं. वि. जोशी आणि त्यांचा चिमणराव. 'चिमणरावाचे चऱ्हाट' हे पुस्तक सोपं, पण १९४०च्या 'लग्न पहावं करून' या मास्टर विनायकांच्या चित्रपटाच्या नावात चिमणराव कुठेच नाही, आणि पडद्यावर दामुअण्णा मालवणकर चिमणरावच आहेत! पुढे दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. लेखकाचं नाव सगळीकडे जोडता येतं, पण आमचा वाचक लेखकाच्या नावाने कुठे विचारतो? तो म्हणतो, "चिमणराव आहे का?" म्हणून पात्राच्याच नावाची एक प्रमाण नोंद केली, 'चिमणराव (काल्पनिक पात्र)', आणि पुस्तकं, चित्रपट, मालिका सगळं तिला जोडलं. 'चिमण' असं अर्धवट टाइप केलं तरी सापडावं म्हणून पर्यायी रूपंही दिली. या एका नोंदीने दुपार खाल्ली, आणि तेवढा वेळ तिला द्यायलाच हवा होता.

४.४५
जुळणी तपासायची वेळ. कर्मचाऱ्यांचा पडदा बंद करून वाचकांचा उघडते. 'मुंबई दिनांक' टाकलं: कादंबरी आली, तिच्या नोंदीत चित्रपटाचा दुवा दिसला, दुव्यावरून चित्रपट उघडला. उलट दिशेनेही जाऊन पाहिलं.

५.३०
उद्यासाठी 'फास्टर फेणे'चा गठ्ठा वर काढून ठेवला. भा. रा. भागवतांची पुस्तकं आहेत, दूरदर्शनवरची मालिका आहे, २०१७चा चित्रपट आहे. त्या चित्रपटात भागवत स्वतःच एक पात्र म्हणून येतात, आणि ती भूमिका प्रभावळकरांची आहे. म्हणजे भागवतांचं नाव मूळ लेखक म्हणूनही द्यायचं आणि विषय म्हणूनही.