पेकानचे पीक पानांवर ठरते

अक्रोडाच्या कुळातले पेकान हे अस्सल अमेरिकी झाड. मिसिसिपीच्या खोऱ्यापासून टेक्सासपर्यंत नदीकाठच्या गाळात ते आपसूक वाढत आले. टेक्सासने १९१९ मध्ये त्याला राज्यवृक्षाचा मान दिला. त्यामुळे एक समज घट्ट रुजला आहे: रानचे झाड ते, आपले आपण फळणार, मालकाने शरदात फक्त फळे गोळा करायची. रानातले झाड फळते हे खरेच. पण एका वर्षी भरभरून, मग वर्ष-दोन वर्षे जवळजवळ काहीच नाही, आणि फळही बहुधा लहान, जाड टरफलाचे. जॉर्जिया किंवा न्यू मेक्सिकोतल्या कलमी बागेतून दरवर्षी विकण्याजोगा गर निघायला हवा असतो. त्यासाठी पालवी फुटल्यापासून पानगळीपर्यंत जे काही करायचे, ते बहुतेक सगळे पानांसाठी असते.

चुका पालवीपासूनच सुरू होतात. शेंड्याला बारीक, पिवळट पानांचा झुबका दिसला की पूर्वी लोहाची कमतरता समजत. लोहाचे द्रावण दिल्यावर काही झाडे सुधारत, काही तशीच राहत. १९३२च्या सुमारास उलगडा झाला. गुण देणारे द्रावण जस्ताचा मुलामा असलेल्या भांड्यांत कालवलेले होते. काम लोहाने नव्हे, जस्ताने केले होते. आज जस्त, म्हणजेच झिंक, सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते खताबरोबर जमिनीत टाकले की भागते असे अनेकांना वाटते. जॉर्जियाच्या आम्ल मातीत ते चालते. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या चुनखडीच्या मातीत झिंक मातीतच अडकते, मुळांना मिळत नाही. तिथे ते कोवळ्या पानांवरच फवारावे लागते, तेही दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा, कारण एका पानात गेलेले झिंक पुढच्या पानाकडे फारसे सरकत नाही. ‘जितके जास्त तितके बरे’ हेही चूक. वर्षानुवर्षे झिंक साचलेल्या जुन्या बागेच्या जागी नवी रोपे लावली, की त्यांची पाने कधी कधी टोकाला उंदराच्या कानासारखी गोल होतात. ही निकेलची कमतरता. साचलेले झिंक निकेलला मुळांत शिरू देत नाही. म्हणून अंदाजाने खत घालण्याआधी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पानांचे पृथक्करण करून घ्यावे.

मधमाश्यांच्या पेट्यांनी पेकानची फळधारणा वाढत नाही. पराग वाऱ्यावर जातो. मात्र एकाच जातीची बाग लावणे धोक्याचे. ‘डिझायरेबल’चे नरतुरे आधी पिकतात, ‘विचिटा’ची मादीफुले आधी तयार होतात. दोन्ही प्रकारची झाडे जवळ हवीत. फुलोऱ्यानंतर मे-जूनमध्ये बारीक फळे गळतात, तेव्हा घाबरून औषध मारणारे पुष्कळ. दुबळी आणि परागीभवन न झालेली फळे झाड स्वतःच टाकते. गळलेल्या फळात अळीने पाडलेले भोक दिसले, तर गोष्ट वेगळी.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज पाण्याचा आहे. ऑगस्टमध्ये फळ पूर्ण आकाराचे दिसते, आता पाणी तोडले तरी चालेल असे वाटते. पण तेव्हा फळाच्या आत गर नसतोच. आधी पातळ द्रव, मग जेलीसारखा थर. टरफल कडक झाल्यावर गर भरू लागतो आणि पेकानच्या गरात सुमारे ७० टक्के तेल असते. ते तेल पानांनीच बनवायचे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी कमी पडले, तर बाहेरून टपोरे फळ आतून पोकळ किंवा सुरकुतलेले निघते. उन्हाळाभर ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडले, तर पातळ टरफलाची फळे तडकून गळतात.

‘गेल्या वर्षी झाड दमले, यंदा विश्रांती घेतेय’ हे वाक्य हापूसच्या बागायतदारालाही परके नाही. पेकानमध्ये त्याचे कारण असे: पुढच्या वसंतातली मादीफुले झाडाच्या शिलकी अन्नावर अवलंबून असतात. फळांचा भार जास्त झाला की शिल्लक राहत नाही. म्हणून फार लगडणाऱ्या ‘केप फिअर’सारख्या जातींचे खोड जुलैअखेरीस, गर भरण्याआधी, यंत्राने हलवून काही हिरवी फळे मुद्दाम पाडतात. तयार होत आलेले पीक जमिनीवर पडताना पाहायला धीर लागतो. पण उरलेली फळे चांगली भरतात आणि पुढचे वर्ष वाया जात नाही. मला तर हे बागेतले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते.

जॉर्जियाच्या दमट हवेत स्कॅब ही बुरशी पाने आणि फळे काळी करते. डाग दिसल्यावर फवारू, असे म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो. बुरशीनाशक आधी संरक्षण देते, पडलेला डाग ते पुसत नाही. न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेत हा रोग जवळजवळ नाही, म्हणून तिथले फवारणीचे वेळापत्रक जॉर्जियात उपयोगाचे नाही. कीटकनाशकाचा सढळ वापरही उलटतो: पायरेथ्रॉइडने मावा खाणारे मित्रकीटक मरतात आणि मावा वाढतो.

‘पॉनी’ ही लवकर येणारी जात सप्टेंबरमध्येच काढणीला येते. झाड रिकामे झाले की बरेच जण पाणी बंद करतात आणि काळ्या माव्याकडे पाहणेही सोडतात. पण त्या झाडावर पुढे कित्येक आठवडे हिरवी पाने असतात आणि पुढच्या वर्षाच्या फुलांसाठी अन्न साठत असते. पहिले कडक हिमदव पडेपर्यंत अशा झाडांना पाणी द्यावे, मावा चढू देऊ नये.