हात शिकतो, कागद कोरा राहतो

बेंगळुरूत ‘मुलगा आयटीआयमध्ये आहे’ असं सांगितलं की जुनी माणसं आधी कौतुकाने बघतात. त्यांच्या डोळ्यांपुढे १९४८ साली उभी राहिलेली टेलिफोनची सरकारी कंपनी येते. मग खुलासा करावा लागतो, की ती आयटीआय नव्हे; औद्योगिक प्रशिक्षण संस्था. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड. शिवाजीनगरात, म्हणजे रसेल मार्केटच्या गजबजाटात, मुलगा घरी मराठी, गल्लीत दखनी आणि साइटवर कन्नड बोलतो. भाषेचं अडत नाही. अडतं ते ‘आता कुणाकडे लागायचं?’ इथे.

घरातलं उत्तर तयार असतं: ओळखीचा ठेकेदार गाठ. मुलगा हेल्पर म्हणून लागतो, भिंतीला झिऱ्या मारतो, पाइप टाकतो, वायर ओढतो. वर्षभरात बोर्ड भरायला आणि फॉल्ट शोधायलाही शिकतो. हे शिक्षण खोटं नाही. मी तर म्हणेन, वर्गातल्यापेक्षा पक्कं. पण त्याची नोंद कुठेच होत नाही. घरातलं किंवा दुकानातलं वायरिंग परवानाधारक कंत्राटदारानेच करायचं, हाताखालच्या वायरमनकडेही परमिट हवं, असा सुरक्षेचा नियम आहे. बेस्कॉम या वीज कंपनीचं नवं कनेक्शन घेताना काम पूर्ण झाल्याचा दाखला अशाच कंत्राटदाराचा लागतो. परमिटसाठी अनुभव दाखवायची वेळ आली, की चार वर्षं राबलेल्या हेल्परकडे दाखवायला फक्त हातावरचे घट्टे असतात.

दुसरी वाट १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची. ‘उमेदवार’ हा शब्दच बोलका आहे. आज तो निवडणुकीने पळवला. पूर्वी कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या उमेदीवर बिनपगारी राबणाऱ्याला उमेदवार म्हणत. कायद्याने त्यातलं बिनपगारी काढलं, उमेद तशीच ठेवली. २०१९च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिना किमान ७००० रुपये विद्यावेतन ठरलं. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचेच आहेत. म्हणजे दोनशे माणसांच्या कारखान्यात निदान पाच जण.

बेंगळुरूत असे कारखाने कमी नाहीत. एचएएल, जालहळ्ळीचं भारत इलेक्ट्रॉनिक्स, येलहंक्याचा रेल्वेचा चाकांचा कारखाना. पण त्यांच्या दारात जाऊन उभं राहण्यात अर्थ नसतो. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप पोर्टलवर आधार, बँक खातं आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रासह आधी नाव नोंदवायचं आणि जाहिरातींवर नजर ठेवायची. रेल्वेत सहसा लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. दहावीत कसाबसा सुटलेला पण हात चांगला असलेला मुलगा इथे मागे पडतो, आणि मला वाटतं हा त्या पद्धतीचा मोठाच दोष आहे.

शिवाय, अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे. कायद्याच्या लेखी तो कामगार नाही, शिकणारा आहे. मुदत संपल्यावर त्याला घ्यायची सक्ती मालकावर नाही. हे न कळल्याने, किंवा फार चांगलं कळल्याने, २० मार्च २०१८ रोजी मुंबईत रेल्वेच्या अप्रेंटिसांनी दादर-माटुंग्यादरम्यान रुळांवर बसून ऐन सकाळी लोकल बंद पाडल्या. रेल्वेत वीस टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव होत्या. त्यांना सगळ्यांनाच कायम व्हायचं होतं. बेंगळुरूतल्या मुलानेही हे आधीच ओळखून असावं. शेवटी हाती येतं ते राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र. नोकरी त्याच्या जोरावर पुन्हा शोधायची.

मग ओळखीच्या ठेकेदाराला सोडायचंच का? मला तसं वाटत नाही. २०१९च्या बदलांनंतर चार माणसं असलेली आस्थापनाही, तिची इच्छा असेल तर, उमेदवार घेऊ शकते. विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. म्हणजे परवाना असलेला, पाच-सहा माणसांचा ठेकेदार रीतसर करार करून मुलाला घेऊ शकतो. झिऱ्या त्याच, साइट तीच. फरक इतकाच, की महिने मोजले जातात. बहुतेक ठेकेदारांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि पोर्टलचं नाव काढलं की ते हात झटकतात: कोण भरत बसणार ते फॉर्म?

तेव्हा ठेकेदाराकडे जायचं ते संध्याकाळी, साइट उरकून तो चहाला थांबतो तेव्हा. आधी परवाना दाखवा म्हणायचं नाही, माणूस बिथरतो. ‘अण्णा, मला अप्रेंटिस म्हणून घ्या, नोंदणी मीच करून देतो,’ असं म्हणायचं आणि खिशातून मोबाइल काढायचा.