काळ्या यादीआधीची नोटीस

पूल खचला, शाळेच्या छताचं प्लास्टर कोसळलं, पहिल्याच पावसात डांबर वाहून गेलं, की दुसऱ्या दिवशीची मागणी ठरलेली असते: ठेकेदाराला काळ्या यादीत टाका. मंत्रीही तशी घोषणा करून मोकळे होतात. पुढे त्याच ठेकेदाराला न्यायालयातून दिलासा मिळाल्याची चार ओळींची बातमी येते आणि लोक अर्थ लावतात की सेटिंग झालं. एखाद्या वेळी झालंही असेल. पण या विषयावरचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचले तर वेगळंच कारण समोर येतं. ठेकेदार निर्दोष ठरला म्हणून नव्हे, तर खात्याने नोटीस धड लिहिली नाही म्हणून यातले कितीतरी आदेश पडले आहेत. सुनावणी म्हणजे ठेकेदारावर केलेली मेहेरबानी, हा समज म्हणूनच तपासायला हवा. सुनावणी नीट झाली तरच बंदी टिकते, आणि बंदी टिकण्यात खरी गरज जनतेची आहे.

सगळ्यात पक्का गैरसमज असा की काम कोणाला द्यायचं हा सरकारचा प्रश्न आहे. घरमालक न पटलेल्या गवंड्याला पुन्हा बोलावत नाही, त्याला कारण सांगत बसत नाही. मग सरकारनेच का सांगावं? याचं उत्तर १९७४ साली इरुशियन इक्विपमेंट खटल्यात मिळालं. पश्चिम बंगाल सरकार सिंकोनाची उत्पादनं विकत असे आणि एका कंपनीचं नाव तिचं म्हणणं न ऐकताच काळ्या यादीत गेलं होतं. सरकारी कंत्राट मिळवण्याचा हक्क कोणालाच नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. पण इतरांच्या बरोबरीने स्पर्धेत उतरण्याचा हक्क मात्र प्रत्येकाला आहे, आणि तो काढून घेण्याआधी ऐकून घ्यावंच लागेल, असं सांगितलं. गवंडी दुसरं घर शोधतो. पण रस्ते, धरणं, जलवाहिन्या यांची कामं देणारा मुख्य ग्राहक सरकारच असतं. त्यात निविदा भरताना 'आम्हाला कोणत्याही शासकीय संस्थेने काळ्या यादीत टाकलेलं नाही' असं प्रतिज्ञापत्र सर्रास मागतात. म्हणजे एका खात्याचा शेरा दुसऱ्या खात्याच्या दारातही आडवा येतो. व्हेटइंडिया फार्मास्युटिकल्स या औषध कंपनीला उत्तर प्रदेशात २००९ साली मुदत न सांगता काळ्या यादीत टाकलं होतं आणि तिच्या इतर राज्यांतल्या निविदाही त्यापायी अडू लागल्या. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो २०२० मध्ये.

दुसऱ्या टोकालाही एक गैरसमज आहे, आणि तो खुद्द अधिकाऱ्यांमध्येच जास्त दिसतो: सुनावणी म्हणजे वकील, साक्षीपुरावे, उलटतपासणी आणि तारीख पे तारीख. तसं काही नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम १५१ एवढंच म्हणतो की बोली लावणाऱ्याला आपलं म्हणणं मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याच्यावर बंदी घालता येणार नाही. मुंबईच्या पटेल इंजिनिअरिंग कंपनीने महामार्गाच्या कामासाठी लावलेली बोली मान्य झाल्यावर माघार घेतली आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने तिच्यावर एक वर्षाची बंदी घातली. तोंडी सुनावणी झाली नाही, ही तिची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. लेखी नोटीस, लेखी खुलासा आणि त्या खुलाशाचा खरोखर विचार केल्याचं दाखवणारा सकारण आदेश, इतकं पुरतं. काम दोन-चार कागदांचं आहे, पण ते कागद जागेवर असावे लागतात.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. कारणे दाखवा नोटिशीत कराराची कलमं, चुकांचा पाढा, 'आपल्यावर योग्य ती कारवाई का करू नये' हे ठरीव वाक्य, सगळं असतं. फक्त काळी यादी हे शब्द नसतात. निविदेच्या अटींत तशी तरतूद आहेच, मग वेगळं कशाला लिहायचं, असा खात्याचा युक्तिवाद. गोरखा सिक्युरिटीच्या खटल्यात २०१४ मध्ये न्यायालयाने तो मानला नाही: आरोप काय आणि कोणती कारवाई करण्याचा विचार आहे, या दोन्ही गोष्टी नोटिशीतून कळल्या पाहिजेत. तरी चूक थांबली नाही. एप्रिल २०१८ मध्ये भारतीय अन्न महामंडळाच्या मध्य प्रदेशातल्या पहारेकरी भरतीचा पेपर फुटला. ग्वाल्हेरमध्ये पोलिसांनी ५० जणांना पकडलं आणि त्यांत परीक्षा घेणाऱ्या यूएमसी टेक्नॉलॉजीज कंपनीचा एक कर्मचारी होता. महामंडळाने नोटीस दिली, खुलासा घेतला, करार रद्द केला आणि पाच वर्षांसाठी कंपनीला काळ्या यादीत टाकलं. पण नोटिशीत काळ्या यादीचा उल्लेख नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये आदेशाचा तेवढा भाग रद्द झाला. पेपरफुटीसारखं गंभीर प्रकरण, आणि बंदी गेली एका न लिहिलेल्या वाक्यापायी.

यावर संतापून विचारलं जातं की माणसं मेल्यावरही नोटीस आणि खुलाशाचा खेळ खेळायचा का? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर भुवनेश्वरमध्ये आहे. तिथे सप्टेंबर २०१७ मध्ये बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला, अकरा जण जखमी झाले. ओडिशा सरकारने ठेकेदार कंपनीला नोटीस दिली, तिचा खुलासा घेतला आणि त्याच वर्षअखेरीस बंदीचा आदेश काढला. प्रक्रियेला काही महिनेच लागले. उच्च न्यायालयाने आदेश रद्द केला खरा, पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला. फक्त कायमची बंदी पाच वर्षांवर आणली. नोटीस देऊनही बंदी टिकते, हे इथे दिसतं. घाईत लिहिलेल्या नोटिशीची गत यूएमसी प्रकरणात दिसते.

'कायमची' या शब्दावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण काळी यादी म्हणजे जन्मठेप असं बहुतेकांना वाटतं. कुलजा इंडस्ट्रीजवर बीएसएनएलने एकाच कामाची रक्कम दोनदा घेतल्याबद्दल कायमची बंदी घातली होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घालण्याचा अधिकार मान्य केला, पण मुदत गुन्ह्याच्या प्रमाणात हवी म्हणून ती ठरवण्यासाठी प्रकरण परत पाठवलं. केंद्राच्या नियमांत ही प्रमाणाची कल्पना आकड्यांत उतरली आहे: भ्रष्टाचारासारख्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर तीन वर्षांपर्यंत, सचोटीच्या संहितेचा भंग झाला तर दोन वर्षांपर्यंत. राज्यांचे आपापले नियम वेगळे आहेत. आणि प्रत्येक वाद या वाटेने न्यायचाही नसतो. कोलकाता महापालिकेने जाहिरातींच्या कंत्राटाच्या पैशांवरून एका कंपनीला पाच वर्षं बाद केलं, तेव्हा २०२४ मध्ये न्यायालयाने बजावलं की कराराच्या अर्थाबद्दल दोन्ही बाजूंचा प्रामाणिक मतभेद असेल, तर काळ्या यादीचं हत्यार उपसायचं नाही.

उरतो तो सर्वांत चिवट आक्षेप: बंदी आली तर काय, भावाच्या नावाने नवी कंपनी काढली की झालं. केंद्रीय खर्च विभागाच्या २ नोव्हेंबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही पळवाट ओळखली आहे; ज्या तीच माणसं चालवतात किंवा ज्यांत त्यांचाच मोठा वाटा आहे, अशा संलग्न कंपन्यांपर्यंत बंदी पोचते. मात्र मंत्रालयाने घातलेली बंदी त्या मंत्रालयापुरती असते, सर्व मंत्रालयांसाठी ती खर्च विभागानेच काढावी लागते. शिवाय बंदीच्या आधी झालेल्या करारांना त्या आदेशाने धक्का लागत नाही. म्हणून काळ्या यादीत गेलेल्या ठेकेदाराचा रोलर गावातल्या रस्त्यावर फिरताना दिसला, तर तो नेहमीच भ्रष्टाचाराचा पुरावा नसतो. ते जुनं काम असू शकतं, आणि ते रद्द करायचं तर त्यासाठी कराराच्या अटींनुसार वेगळी नोटीस काढावी लागते.