ट्रॉलीचे टायर आणि तिचा वेग

उसाचा हंगाम सुरू झाला की भरल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरमागे कारखान्याची वाट धरतात. त्या किती वेगाने न्याव्यात? याचे अर्धे उत्तर टायरवरच लिहिलेले असते.

टायरच्या बाजूवर '१२३ ए८' असे काहीसे छापलेले दिसेल. १२३ हा भाराचा अंक, म्हणजे एका टायरवर १,५५० किलो. ए८ हे वेगाचे चिन्ह, म्हणजे ताशी ४० किलोमीटर. ए६ म्हणजे ३०, बी म्हणजे ५०. ही झाली वरची मर्यादा, आणि तीसुद्धा हवा बरोबर असेल तरच! हवा कमी असली की टायर दर फेऱ्याला जास्त दबतो आणि तापतो. त्यात भार नि वेग वाढला, की आतले थर सुटून टायर फुटतो.

पण टायर टिकला म्हणजे ट्रॉली थांबेलच असे नाही. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात; सारा भार ट्रॅक्टरनेच अडवायचा. गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे : वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायला अंतर चौपट लागते. शिवाय ताशी ४० च्या वेगात, पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला तरी तेवढ्यात ११ मीटर वाट सरते.

म्हणून भरली ट्रॉली टायरवरच्या आकड्यापेक्षा सावकाशच हाका. निघण्यापूर्वी, टायर गार असतानाच हवा मोजा. उतार लागण्याआधी खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडाल, तर मागची ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलू लागेल. ऊस कारखान्यावर अर्धा तास उशिरा पोचला तर चालेल. हाकणारा मात्र घरी सुखरूप परतला पाहिजे.