मोबाईलची बॅटरी बदलताना

२०२१ पासून पीक पाहणी मोबाईलवर आली. गोदाकाठच्या फडात फोटो काढतानाच फोन मान टाकतो, मग पंचाईत. लिथियम बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद सुमारे २० टक्के घटते; उन्हात ट्रॅक्टरवर ठेवलेला फोन त्याआधीच थकतो. लगेच नवा फोन घ्यावा असं आम्हांस वाटत नाही. कंपनीच्या केंद्रातली बॅटरी महाग, पण खात्रीची. बाहेरून घ्याल तर आयएस १६०४६ ची खूण पाहावी. मात्र कंपनीने फोनच्या सुधारणा देणं बंद केलं असेल तर त्यावर पैसा घालू नये. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग तात्काळ थांबवा, टोचू नका, पाचटाजवळ तर ठेवूच नका. जुनी बॅटरी उकिरड्यावर न टाकता दुरुस्ती केंद्रात जमा करावी.