वाटी कुठली?

टोरोंटोच्या ब्लूर स्ट्रीटवर, स्पडायना आणि बॅथर्स्टच्या दरम्यान, एके काळी हंगेरियन खाणावळींची रांग होती. १९५६ चा उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला, तेव्हा सुमारे ३७ हजार हंगेरियन निर्वासित कॅनडात आले. पुष्कळांनी इथेच बस्तान बसवलं. त्या खाणावळी आता बहुतेक गेल्या. आमच्या शेजारच्या आजी मात्र आहेत. १९५७ साली आईचं बोट धरून आलेल्या.

गुलाश म्हणजे मूळचं गुराख्यांचं कालवण, अगदी पातळ. आजी चरबीत कांदा परततात, पातेलं खाली उतरवतात आणि मगच पॅप्रिका घालतात. आचेवर घातली तर करपून कडू होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. सांगलीला आई फोडणीत तिखट घालताना गॅस बंद करते, तो याचसाठी! शेवटी मिरची मूळची अमेरिकेतली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, त्यांच्याकडे तुर्कांमार्फत गेली असं मानतात.

उन्हाळ्यात त्यांच्या खिडकीत बरणी असते. काकड्या, मिठाचं पाणी, शेपू आणि वर पावाचा तुकडा. तीन-चार दिवसांच्या उन्हात काकड्या आंबतात. लहानपणी बरणीला हात लावला की आजींनाही धपाटा मिळायचा म्हणे!

गणपतीच्या सुमारास इथे प्लम येतात. बटाट्याच्या उंडीत बी काढलेलं प्लम, आत दालचिनी-साखर; उकडून लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचं. आमच्या मुलीने त्याला सरळ ‘मोदक’ म्हणून टाकलं.

आजींनी हे कधी लिहून ठेवलं नव्हतं. नातवंडं लांब. "तुम्ही इंजिनियर ना? मग लिहून घ्या," म्हणाल्या. आम्ही काट्यावर बटाटे तोलून ग्रॅममध्ये वही भरली. घरी आल्यावर लक्षात आलं, आईच्या गोड्या मसाल्याचा एक कागदही आपल्याकडे नाही.

लगेच फोन लावला.

"धने दोन वाट्या, सुकं खोबरं एक वाटी, दगडफूल मूठभर..."

"वाटी कुठली, आई?"

"कुठली म्हणजे? आपली नेहमीची!"

पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं, तर धने चार वाट्या झाले होते. आई हल्ली विसरते.

भाऊ डिसेंबरात आला, त्याच्याकडून ती वाटी मागवली. काठाला पोचा आहे. पाणी भरून मोजली, १६० मिलिलिटर. दोन वाट्या धन्यांचा मसाला करून झाला. आमटीला तो वास नाही. चार वाट्यांचा येत्या शनिवारी.